चौदा तारखेची सकाळ

महिन्याची पंधरा तारीख, गुरुवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे; स्थळ, रुग्णालयाच्या चादरी, अभ्रे आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे झगे धुऊन देणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवरची हिशेबाची खोली. या वेळी आणि या स्थळी कारखान्याच्या हिशेबनिसाने नुकत्याच छापून घेतलेल्या एका पावतीला दोन भोके पाडली, ती फायलीत ओवली, मिटण्यापूर्वी सवयीप्रमाणे एकदा वाचली, आणि फाईल मिटायची राहून गेली.

पावती कराच्या भरण्याची होती. कारखान्यातल्या एकेचाळीस माणसांच्या पगारातून दरमहा जो कर कापला जातो, तो पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत सरकारजमा व्हावा लागतो. हा भरणा हिशेबनिसाने त्याच सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी संगणकावरून केला होता, आणि तोही आयुष्यात प्रथमच एकट्याने. रक्कम त्याने चार वेळा ताडून पाहिली होती, खातेक्रमांक तीन वेळा, महिना दोन वेळा. पावतीवर हे सारे जसेच्या तसे उमटले होते. फक्त शेवटच्या ओळीत, ‘रक्कम वळती होण्याची तारीख’ या शब्दांपुढे, सोळा हा आकडा होता.

त्याची पहिली भावना भीतीची नव्हती. ती तुच्छतेची होती. यंत्र चुकले, असे त्याला वाटले, आणि तीस वर्षे कागदावर विश्वास ठेवलेल्या माणसाला यंत्र चुकल्याचा जो एक चोरटा आनंद होतो, तोही त्याला क्षणभर झाला. चौदाला सांगितलेले पैसे पंधराला जायचे. ते सोळाला कसे जातील? समोर धुण्याच्या आवकीची वही उघडी होती आणि तिच्या माथ्यावर आज सकाळी त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात घातलेली तारीख होती: चौदा. भिंतीवर पुतणीने चिकटवलेली चिठ्ठी होती: ‘काका, चौदा तारखेला, रात्री आठच्या आत. पैसे पंधराला आपोआप जातील.’ चिठ्ठीतले एक अक्षरही त्याने मोडले नव्हते. आठ वाजायला अकरा तास शिल्लक असताना त्याने काम उरकले होते.

तेवढ्यात बॉयलरवाला दार न वाजवता आत आला. तो कोणतेच दार कधी वाजवीत नसे. चाळीस वर्षे वाफेच्या शिट्टीशेजारी बसल्याने आपण बोललो की जगाला ऐकू जाते, अशी त्याची समजूत होती.

"तारीखमास्तर," तो ओरडला, "उद्याचा पगार खात्यात का रोख? बायकोला आत्ताच सांगायचंय, नाहीतर ती माझ्याआधी बँकेत."

"उद्या कसला पगार? पगार परवा, सोळाला."

"परवा?" बॉयलरवाल्याने खांद्यावरचे फडके काढून तोंड पुसले. "अहो, आज पंधरा. अख्ख्या जगात पंधरा. माडीवर काय अजून कालचाच दिवस चालू ठेवलाय?"

"मग? खाली तरी बारा कुठे वाजलेत?" हिशेबनीस म्हणाला. आणि आपण काय म्हणालो ते त्याचे त्यालाच ऐकू आले.

हे वाक्य बाहेरच्या माणसाला वेडेपणाचे वाटेल. या कारखान्यात ते कायद्याइतके पक्के होते. रुग्णालयातून रात्रपाळीचे मळके कपडे सकाळी येऊ लागत आणि दुपारपर्यंत येत राहत. बावीस वर्षांपूर्वी, ते काल धरायचे की आज, यावरून सत्तर चादरींचा घोळ झाला, भांडण पोलिसांपर्यंत जायची वेळ आली, आणि हिशेबनिसाच्या थोरल्या भावाने, जो तेव्हा मालक होता, निकाल दिला: दुपारी बारापर्यंत कालचाच दिवस. तेव्हापासून खालच्या दालनाच्या भिंतीवर लाकडी आकड्यांची एक पाटी टांगलेली असे, आणि रोज बाराच्या भोंग्याला हिशेबनीस खाली उतरून स्वतःच्या हाताने आकडा बदलीत असे. थोरला भाऊ गेला, मालकी वहिनींकडे आली, यंत्रे दोनदा बदलली; पाटी राहिली. लोक त्याला तारीखमास्तर म्हणत ते थट्टेने. पण पाटीकडे पाहिल्यावाचून कोणी कपड्यांच्या गठ्ठ्यावर खूण करीत नसे.

आता कोणी विचारील, की बावीस वर्षे हा मनुष्य दररोज सकाळी एक दिवस मागे असताना त्याचा कर वेळेवर कसा जात होता? त्याचे उत्तर असे, की कर तो पायी भरीत असे. पंधरा तारखेला जेवण झाल्यावर, पाटी बदलून झाल्यावर, तो कागद घेऊन चढाच्या रस्त्याने बँकेत जाई. रस्त्यावर, दुकानांत, बँकेच्या भिंतीवर सगळीकडे पंधरा असे, आणि त्याच्या वहीतही एव्हाना पंधरा झालेले असत. त्या चढावर दोन तारखा दरमहा एक होत. संगणकाने तो चढ काढून टाकला. सकाळी नऊ वाजता, अजून काल संपलेला नसताना, खुर्चीवरून न उठता कर भरण्याची सोय झाली. आणि संगणकावरच्या पानाने ‘लवकरात लवकर’ म्हणून जी तारीख आपण होऊन चौकटीत घातली, तिच्याकडे त्याने पाहिलेही नाही. रक्कम तपासायची असते, खाते तपासायचे असते. तारीख ही एकच गोष्ट अशी होती, जी त्याने आजवर कोणाला विचारली नव्हती. लोक ती त्याला विचारीत.

"काय झालं?" बॉयलरवाला या वेळी हळू बोलला. "तोंड का असं पांढरं पडलंय? गरम पाण्यात घातलं का कुणी?"

"काही नाही. तू जा. पगार खात्यातच."

दार लागल्यावर हिशेबनिसाने कपाटातून कराराचा कागद काढला. त्याची गरज नव्हती. नववे कलम त्याला पाठ होते. तरी त्याने ते वाचले, कारण माणूस दुखरा दात जिभेने पुनःपुन्हा चाचपतो. ‘बारा महिन्यांच्या अवधीत पुरवठादाराचा करभरणा एकापेक्षा अधिक वेळा लांबल्यास हा करार आपोआप संपुष्टात येईल.’ एकदा लांबला होता. चार महिन्यांपूर्वी तो नेहमीप्रमाणे चढ चढून गेला तेव्हा बँकेतली कराची खिडकी बंद होती, आणि तिच्यावर ती यापुढे कायमची बंद राहील अशी सूचना होती. दूरच्या एका शाखेत अजून उघडी असलेली खिडकी गाठेपर्यंत दोन दिवसांचा उशीर झाला. रुग्णालयाने पत्र पाठवले: पहिली वेळ म्हणून नोंद घेतली आहे. मग पुतणी आली, तिने संगणकावर नाव नोंदवले, गुप्त क्रमांकाचे बंद पाकीट टपालाने यायला दहा दिवस लागले, आणि पुढचे तीन भरणे तिने काकाला शेजारी बसवून, तीनच्या चहाच्या वेळी केले. वहिनी म्हणाल्या होत्या, यापुढे तीच तिच्या घरून करील, तुम्ही कशाला त्रास घेता. त्यावर तो म्हणाला होता, "मी अजून मेलेलो नाही, वहिनी."

हे वाक्य आता खोलीत परत आले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

रुग्णालयाच्या कपड्यांवाचून कारखान्याला दुसरे काम नव्हते. करार गेला की बॉयलर विझणार. बॉयलर विझला की एकेचाळीस माणसे घरी. त्याला घाम फुटला, आणि तो वाफेचा नव्हता. पावतीच्या तळाशी कर कार्यालयाचा मदतीचा क्रमांक होता. त्याने तो फिरवला. एका मधाळ आवाजाने सांगितले, की आपण रांगेत अकरावे आहात.

रांग दिसत असली तर माणूस पुढच्याच्या पाठीकडे पाहून धीर धरतो. या रांगेत पाठी नव्हत्या. फक्त एक बासरी होती आणि ती एकच ओळ वाजवीत होती. दहावे. नववे. खालून मोठ्या गरम रुळाचा घरघराट येत होता. त्यातून ओल्या चादरी आत जाऊन इस्त्री होऊन बाहेर पडत. नववे. पुन्हा नववे. हिशेबनिसाच्या मनात आले, की आपण फोन ठेवून द्यावा, पावती फाडावी आणि उद्या काय होते ते पाहावे. कदाचित कोणी पाहणारही नाही. नंतर त्याला आठवले, की चार महिन्यांपूर्वी त्यांनी दोन दिवसांत पाहिले होते. सातवे. त्याने हात पुसले आणि ते पुन्हा ओले झाले.

अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी एक बाई बोलली. आवाज तरुण होता आणि सर्दीने भरलेला होता.

"उद्याची तारीख पडलीय? मग रद्द करून आजची टाका की."

"पान आजची तारीख घेतच नाही, बाई."

"बरोबर. आजची हवी असेल तर काल रात्री आठच्या आत सांगायला हवं होतं."

"आणि उद्याचा भरणा रद्द करायचा असेल तर?"

"तोही काल रात्री आठपर्यंतच रद्द होत होता."

"पण तो मी आज सकाळी केला!"

"हो ना," बाई म्हणाली आणि शिंकली. "म्हणून तो रद्द होत नाही."

यात तर्कदोष नव्हता. हीच तर भयंकर गोष्ट होती. हिशेबनीस आयुष्यभर तर्काच्या बाजूला उभा राहून लोकांशी भांडला होता, आणि आज तर्क त्याच्यासमोर दार लावून घेत होता.

"दुसरा काहीच मार्ग नाही?"

"एक आहे. तुमच्या बँकेतून थेट भरणा. त्याच दिवशी पोचतो. पण बँका तो एक वाजेपर्यंतच घेतात, आणि मालकाची सही लागते. आणि हो, पैसे आज नुसते निघून चालत नाहीत, आज पोचले पाहिजेत. चारनंतर फोन करा, पोचले का ते सांगते. माझा थेट क्रमांक घ्या, नाहीतर परत रांग."

"मग उद्याचा भरणाही जाणारच?"

"जाणार. जास्तीचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतील. खात्यात शिल्लक ठेवा मात्र. पैसे नाहीत म्हणून परत गेला, तर तो भरणा लांबल्यातच धरतात."

दुष्काळात तेरावा महिना तो असा. खात्यात एक कर आणि एक पगार, एवढेच होते. दोन कर गेले तर उद्या पगार नाही. आणि हे सारे ज्यांना सांगायचे, ज्यांची सही घ्यायची, त्या वहिनी खाली होत्या.

त्याने बँकेच्या पानावरून थेट भरण्याचा अर्ज छापला. दोन प्रती, कारण एक प्रत छापणे त्याला ठाऊकच नव्हते. जिना सतरा पायऱ्यांचा होता. नवव्या पायरीवर तो थांबला. तिथून दालन दिसे: वाफेचा पडदा, रुळाशी उभ्या असलेल्या दोन बायका चादरीची टोके धरून एकमेकींकडे चालत येताहेत, मागे जाताहेत, भिंतीवर पाटी: १४. त्याला वाटले, ही पाटी आत्ता खरी ठरावी. आयुष्यात दुसरे काही मागणार नाही. मग तो उतरला.

वहिनी घडीच्या टेबलाशी फाटके अभ्रे वेगळे काढीत होत्या. मालकीणपण त्यांना बसून करता येत नसे.

"वहिनी, एक सही हवी होती."

"कशावर?"

"बँकेचा अर्ज आहे. नेहमीचाच."

"नेहमीचा अर्ज तुम्ही बाराच्या आधी खाली आणत नाही, भाऊजी." त्यांनी अभ्रा खाली ठेवला. "कर भरला ना आज?"

रूळ घरघरत होता. खोटे बोलायला यापेक्षा चांगला आवाज मिळाला नसता. हिशेबनिसाने तोंड उघडले, मिटले, आणि मग सगळे सांगितले: पावती, सोळा, रात्रीचे आठ, एक वाजेपर्यंतची बँक, दोनदा जाणारे पैसे. आधी भराभर आणि शेवटी शेवटी एकेक शब्द.

वहिनींनी मध्ये एकदाही टोकले नाही. तेच त्याला सहन होईना. त्या ओरडल्या असत्या तर त्याने वाद घातला असता; वादात त्याला कोणी हरवत नसे.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पावणेअकराला."

"आणि आता?"

"पावणेबारा."

"फोनला किती वेळ?"

"अर्धा तास."

"म्हणजे अर्धा तास फोनला आणि अर्धा तास मला घाबरण्यात. एक वाजता बँक बंद होणार, आणि माझ्या भीतीला तुम्ही अर्धा तास दिला!" त्यांनी हात पुढे केला. "आणा तो कागद."

"वहिनी, उद्याच्या पगाराचं काय?"

"आधी सही. घर जळत असताना भाड्याचं कोण विचारतं?" त्यांनी पहिल्या प्रतीवर सही केली, मग दुसरी ओढून तिच्यावरही.

"एकच पुरे. दुसरी आपल्या फायलीला."

"असू द्या. तुमचा पहिला कागद आज शुभ दिसत नाही."

तिथेच टेबलावर, अभ्रे बाजूला सारून, त्याने पहिला अर्ज भरला. खाते, रक्कम, कराचा महिना, तारीख. अक्षर नेहमीसारखे आले नाही. त्याने अर्जांची घडी खिशात घातली, आणि तो दारापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागे एकाएकी शांतता झाली. वहिनींनी रूळ बंद केला होता. दिवसाउजेडी रूळ बंद झाला, की कोणाचा तरी हात अडकला, असे समजायची तिथली रीत. सगळे जागच्या जागी थिजले.

"कुणाला काही झालेलं नाही," वहिनी मोठ्याने म्हणाल्या. "पण होऊ शकतं. उद्याचा पगार वीस तारखेला होईल. रुग्णालयाकडून बिलाचे पैसे वीसला येतात, त्यातून. उद्या खात्यात पैसे राहिले नाहीत तर कंत्राट जाईल, आणि कंत्राट गेलं तर वीसलाही नाही आणि पुढेही नाही. ज्याला उद्या अडचण असेल त्यानं मला आत्ता सांगावं."

मग रुळाजवळची एक घडी घालणारी बाई म्हणाली, "माझं घरभाडं सोळाला असतं. मालक दारात उभा राहतो."

"ते मी घरातून देते. अजून?"

"आणि चूक कुणाची?" मागून कोणीतरी विचारले.

हिशेबनीस दाराच्या चौकटीत उभा होता. कोणाचीच नजर त्याच्याकडे वळली नाही. हे दयेने झाले की अंदाजाने, ते त्याला कळले नाही. दोन्हींत भयंकर काय, तेही त्याला ठरवता येईना.

"चूक कारखान्याची," वहिनी म्हणाल्या.

"मग आमचीही आली की," बॉयलरवाला गरजला. "घ्या! पगार कारखान्याचा म्हटला की तो मालकाचा, आणि चूक कारखान्याची म्हटली की ती सगळ्यांची!" दोघे-तिघे हसले, पण हसणे वाफेसारखे वर गेले आणि विरले. वहिनींनी रूळ सुरू केला.

कपडे पोचवायची गाडी बाहेर गेलेली होती. हिशेबनीस चालत निघाला. एरवीची पंधरा मिनिटे त्याने वीस केली, कारण घाईने चढ चढणारा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मधूनमधून भिंतीला धरून उभा राहतो. अर्ध्या चढावर मागून, खालून, बाराचा भोंगा ऐकू आला. बावीस वर्षांत प्रथमच तो पाटीपाशी नव्हता. त्याला स्वतःचे हात एकदम रिकामे वाटले, जणू काही कुठेतरी विसरून आलो आहोत.

बँकेत दोनच खिडक्या उघड्या होत्या आणि दोन्हींपुढे माणसे होती. या रांगेत पाठी होत्या. त्यांनी काही धीर आला नाही. पुढचा एक गृहस्थ नाण्यांची पिशवी घेऊन आला होता आणि खिडकीवरची बाई ती यंत्रात मूठमूठ ओतीत होती. बारा सव्वीस. नाणी खळखळत होती. बारा चौतीस. गृहस्थाला आठवले, की दुसऱ्या खिशातही थोडी आहेत.

"जरा मला आधी जाऊ द्याल का?" हिशेबनीस म्हणाला. "एक वाजता माझं काम बंद होतं."

"माझंही काहीतरी कधीतरी बंद होतंच की," गृहस्थ म्हणाला आणि दुसरा खिसा उलटा केला.

बारा एक्केचाळीसला हिशेबनीस खिडकीशी पोचला. बाईने अर्ज घेतला, चष्म्यावरून पाहिला आणि परत सरकवला.

"काका, तारीख कालची आहे."

त्याने पाहिले. चौदा. त्याच वळणदार अक्षरात, त्याच निश्चिंत हाताने, पावणेबारा वाजता, पाटीखाली बसून. सगळे कबूल केल्यानंतर, त्याच चुकीसाठी सही घेतल्यानंतर. आपण चुकलो हे त्याला सकाळपासून ठाऊक होते. आपण न चुकण्याच्या स्थितीतच नाही, हे त्याला या क्षणी कळले, आणि पहिल्या भीतीपेक्षा ही भीती निराळी होती. तिला बाहेरून कोणी मदत करू शकत नव्हते.

"खोडून पंधरा करतो."

"खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज आणा, सहीसकट."

"सही..." तो म्हणाला, आणि त्याला खिशातली दुसरी घडी आठवली.

खिडकीच्या कडेला बँकेचे पेन साखळीने बांधलेले होते. साखळी आखूड होती; त्याला वाकून लिहावे लागले. खाते. रक्कम. महिना. तारखेच्या चौकटीपाशी तो थांबला. एका कागदावर त्याच्या हाताने त्याला फसवले होते. आता त्या हाताला विचारायचे कसे?

"आज किती तारीख, हो?" त्याने विचारले.

"पंधरा," बाई म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटले नाही. लोक रोजच विचारतात.

त्याने पंधरा लिहिले. बाराचा भोंगा होऊन गेलेला असल्यामुळे हात सुरळीत चालला. पण त्या सुरळीतपणावरही आता त्याचा विश्वास नव्हता. बाईने शिक्का मारला. बारा वाजून बावन्न मिनिटे.

तो परतला तेव्हा पाटीवर १५ होते. कोणी बदलले, हे त्याने विचारले नाही. पाचाचा आकडा किंचित तिरका बसला होता. वहिनींचा उजवा खांदा दुखत असे आणि उंचावरचे काम त्या डाव्या हाताने करीत. तो सरळ करावा असे त्याच्या मनात आले. पण त्याने पाटीला हात लावला नाही.

चार वाजेपर्यंत त्याने काहीही लिहिले नाही. त्याने दोन्ही पावत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि मनात एक युक्तिवाद रचला: पैसे बारा बावन्नला निघाले, शिक्का पंधराचा, अर्थात भरणा पंधराचा. मग त्याने त्याविरुद्धचा युक्तिवाद रचला: निघणे म्हणजे पोचणे नव्हे, बाईने तसे स्पष्ट सांगितले आहे. दुसरा युक्तिवाद पहिल्यापेक्षा भक्कम होता. मध्यंतरी बॉयलरवाला चहा ठेवून गेला आणि, आश्चर्य म्हणजे, जाताना त्याने दार हळू लावले. लोक एवढे जपून वागतात ते मृताच्या घरी.

चार वाजता वहिनी वर आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "लावा फोन. आवाज मोठा ठेवा, मलाही ऐकू दे."

सर्दी झालेल्या बाईने लगेच उचलला. तिने क्रमांक विचारला. हिशेबनिसाने तो सांगितला आणि शेवटचे दोन आकडे उलटे सांगितले. वहिनींनी कागद त्याच्या हातून काढून घेतला आणि नीट वाचून दाखवला. पलीकडे बोटे बटनांवर टिकटिक वाजली. मग काहीच वाजेना. खाली रूळ चालू होता, तरी हिशेबनिसाला वहिनींच्या हातातल्या कागदाची सळसळ ऐकू येत होती. म्हणजे त्याही घाबरल्या होत्या. हे त्याच्या लक्षात आले आणि त्याची उरलीसुरली आशा गळाली.

"हां," बाई म्हणाली. "दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलेत. पंधरा तारखेचा भरणा पंधरा तारखेला. उशीर नाही."

वहिनींनी डोळे मिटले आणि उघडले. हिशेबनिसाला रडू येईल असे वाटले, पण आले नाही. तो फक्त टेबलाची कड धरून बसला होता आणि ती सोडवत नव्हती.

"पण थांबा," बाई म्हणाली, "एकाच महिन्याचा दुसरा भरणा उद्याला लावलेला दिसतोय. तो का, ते दोन दिवसांत लेखी कळवा. नाही कळवलं तर खात्यावर चौकशीची खूण पडते, आणि मग ती सगळीकडे दिसते."

"सगळीकडे म्हणजे रुग्णालयालाही?" त्याने विचारले.

"जो पाहील त्याला," बाई म्हणाली, शिंकली, आणि फोन बंद झाला.

हिशेबनिसाने कोरा कागद पुढे ओढला. पेनाचे टोपण काढले. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे त्याने तीस वर्षे प्रत्येक पत्राची सुरुवात केली होती, तिथे पेनाचे टोक टेकवले, आणि ते तिथेच राहिले. शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होऊ लागला. त्याला तारीख ठाऊक होती. ती त्याला लिहिता येईना.

वहिनींनी थोडा वेळ पाहिले. मग त्यांनी त्याच्या बोटांतून पेन काढून घेतले, ठिपक्याचा कागद चुरगाळून बाजूला टाकला आणि नवा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"पत्र तुम्हीच लिहा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तारीख मी घालीन. आजही, आणि यापुढेही."